मंद्र तारांची निगा

वाद्याचा इतिहास सांगतांना तें कोणीं घडविलें आणि कोणीं वाजविलें एवढेंच आपण नमूद करतों. वादन संपल्यावर तें पुसलें कोणीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विजेच्या बास गिटारीच्या बाबतींत मात्र तो टाळतां येत नाहीं. कारण हें वाद्य दुरुस्ती करणाऱ्याच्याच डोक्यांतून निघालें.

लिओ फेंडर ह्यानें १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. परंतु बिघडलेलीं यंत्रें रोज उघडणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही कीं, जें उघडतां येत नाहीं तें फार काळ टिकत नाहीं. त्या काळीं मंद्र स्वरांसाठीं माणसाहून उंच असा डबल बास वापरीत. प्रवासांत तो अवजड आणि गजबजलेल्या नृत्यगृहांत क्षीण. सिएटलच्या पॉल टटमार्क ह्यानें १९३० नंतरच्या दशकांतच विजेची बास करून पाहिली होती, पण तिचा प्रसार झाला नाहीं. १९५१ सालीं फेंडरनें ‘प्रिसिजन बास’ पुढें आणली. दांडीवर पडदे असल्यामुळें स्वर नेमका लागे, म्हणून हें नांव.

तिची दांडी सरसानें चिकटविलेली नव्हती, ती स्क्रूंनीं बसविलेली होती. म्हणजे खराब झाली तर काढावी व दुसरी बसवावी. ३४ इंच लांबीच्या चार तारा मिळून दांडीला दीडशे पौंडांहून अधिक जोरानें ओढतात. तो ताण तोलण्यासाठीं दांडीच्या पोटांत पोलादी गज असतो. दमट हवेनें लांकूड फुगतें, कोरड्या हवेनें आकसतें आणि दांडीचा बांक बदलतो. अशा वेळीं गज पाव फेराच फिरवावा, लांकडास स्थिरावूं द्यावें, आणि तारा पुन्हां सुरांत लावून पाहावें. उतावळेपणा केल्यास गज तुटण्याचें भय असतें.

परंतु निगा म्हणजे वाद्य सदैव नवेंकोरें ठेवणें, ह्या समजुतीला ह्याच वाद्याच्या इतिहासानें धक्का दिला आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बास वाजविणारा जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ सालच्या प्रिसिजनच्या चपट्या वेष्टनाच्या तारा तुटल्यावांचून बदलीत नसे. घाम व मळ सांचला कीं तारेची झणझण मरते. घोडीवरील झांकणाखालीं असलेला फोमचा तुकडा उरलासुरला नाद आवरी. जाणत्यानें ज्यास हयगय म्हटलें असतें, तिच्यांतूनच तो खोल, भरीव स्वर निघाला.

जॅको पास्टोरियसची रीत उलट. त्याच्या १९६२ सालच्या ‘जॅझ बास’च्या दांडीवरील पडदे काढलेले होते व खांचा बुजविलेल्या होत्या. गोल वेष्टनाच्या तारा कानशीप्रमाणें लांकूड खातात. म्हणून त्यानें दांडीवर नौकांना लावतात तें इपॉक्सी रोगण चढविलें. त्या कठीण थरानें लांकूड वांचलें आणि स्वरास गाता गळा लाभला. रक्षणाचा उपायच सौंदर्याचें कारण झाला!

दोघांचींही वाद्यें चोरीस गेलीं. जेमर्सनची बास १९८३ सालीं, त्याच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधीं गेली. ती त्याला पुन्हां दिसली नाहीं. जॅकोची बास तर आधींच फुटली होती; कारागिरांनीं ती जिद्दीनें सांधली, आणि १९८६ सालीं न्यूयॉर्कांत ती नाहींशी झाली. पुढल्याच वर्षीं तो वारला. सुमारें वीस वर्षांनीं ती त्याच शहरांतील एका दुकानांत प्रकट झाली. कोणीं तरी ती वेळेवर सांधली होती, म्हणूनच लोकांना तुकडे न मिळतां वाद्य मिळालें.

तेव्हां घरांतील एखाद्या तरुणाच्या हातीं हें वाद्य असेल, तर वादनानंतर तारा पुसाव्यात कीं नाहीं हें त्यानें आपणांस कोणता स्वर हवा हें ओळखून ठरवावें. दांडीचा बांक मात्र कोणाच्या आवडीनिवडीची वाट पाहत नाहीं. तो ऋतूगणिक पाहिलाच पाहिजे. कशास हात लावावा आणि कशास लावूं नये, हें कळणें म्हणजेच निगा.