‘रिपोर्ट नॉर्मल’ : छिन्नमनस्कता आणि मेंदूतल्या जोडण्यांचा शोध

आमच्या इंदुरीच्या घरातल्या लोखंडी पेटीत १९९६ सालचा एक मोठा खाकी लिफाफा आहे. त्यात माझ्या चुलतभावाच्या मेंदूचा सीटी स्कॅन आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं त्याला ऐकू यायचं. देवऋषी झाले, उतारे झाले, मग पुण्याचे डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या, आणि एका दुभत्या म्हशीचे पैसे मोजून हा फोटो काढला. फोटो देणाऱ्याने एवढंच सांगितलं, “रिपोर्ट नॉर्मल आहे.” काकीने मारुतीला नारळ फोडला. मेंदू चांगला आहे, म्हणजे आजार नाही, म्हणजे गोळ्या कशाला? चार महिन्यांनी तो कुंडमळ्याच्या खडकांवर दोन दिवसांचा उपाशी सापडला.

त्या ‘नॉर्मल’ शब्दाचा माग काढत मी गेली पंचवीसेक वर्षं वाचतो आहे. मी डॉक्टर नाही. मिळेल ते, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. हा लेख त्या वाचनाचा हिशेब आहे.

सुरुवात नावापासून करू. जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला ‘अकाली बुद्धिऱ्हास’ अशा अर्थाचं नाव दिलं. मेंदूच कुजत जातो, अशी त्याची धारणा होती. त्याच्या सहकाऱ्यांत आल्झायमर आणि निस्सल होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी या रुग्णांच्याही पेशी तपासल्या. पण स्मृतिभ्रंशात आल्झायमरला जशी ठळक खूण सापडली, तशी इथे सापडली नाही. १९०८ साली झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला. त्याचा मराठी अवतार म्हणजे छिन्नमनस्कता. यावरून आपल्याकडे (आणि सिनेमावाल्यांकडे तर फारच) एका माणसात दोन माणसं असा अर्थ घेतला जातो. तो साफ चूक आहे. ब्लॉयलरला म्हणायचं होतं ते एवढंच, की विचार, भावना आणि कृती यांना एकत्र बांधणारे धागे सैल पडतात. त्याच्या थोडं आधी कार्ल वेर्निके यानेही मेंदूतल्या जोडण्या सुटण्याची कल्पना मांडली होती. मात्र ती दाखवायला कोणाकडे साधन नव्हतं.

पुढचा टप्पा अघोरी आहे. पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरायची, ती मेंदूच्या पोकळ्यांत चढली की एक्स-रे काढायचा. रुग्ण नंतर कित्येक दिवस डोकं धरून बसे. १९२७ मध्ये येना इथल्या याकोबी आणि विंकलर यांनी १९ रुग्णांवर हे केलं; १८ जणांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पोकळी मोठी, म्हणजे भोवतालचा मेंदू कमी. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी नव्या सीटी यंत्राने १७ जुन्या रुग्णांची तपासणी केली, आणि तीच गोष्ट दिसली. यावर लगेच आक्षेप आला, की हा औषधांचा परिणाम असेल. आक्षेप पोकळ नव्हता. औषधांचा काही वाटा असू शकतो, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसतं. पण या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमॅझिन, आलं १९५२ साली. येनाच्या त्या रुग्णांनी यातली एकही गोळी खाल्लेली नव्हती. मला या इतिहासात हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

तरी पोकळ्यांवरून आवाज का ऐकू येतात ते कळत नाही. १९९५ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत भरत बिस्वाल यांनी दाखवलं, की माणूस काही न करता यंत्रात पडून असला, तरी मेंदूचे दूरदूरचे भाग एका संथ लयीत वरखाली होत असतात. आणि लंडनमध्ये फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी मांडलं, की स्किझोफ्रेनियात बिघाड एका जागी नसून भागाभागांतल्या संवादात आहे. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग ऐकणाऱ्या भागाला जणू आधीच कळवतो, ‘हा मीच.’ तो निरोप नीट पोचला नाही, तर आपलाच विचार परक्याचा आवाज होतो. आमच्याकडे भजनात पखवाजवाला चांगला, टाळकरी चांगले, पण एकमेकांकडे कान नसले की अभंग विस्कटतो, तसंच हे. २०१८ साली अनेक देशांतल्या १,९६३ रुग्णांचे आणि २,३५९ निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. मेंदूचे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची घडण रुग्णगटात बहुतेक ठिकाणी किंचित कमकुवत निघाली.

‘किंचित’ हा शब्द सोडू नका. फरक गटाच्या सरासरीत आहे. दोन्ही गटांची मापं बरीचशी एकमेकांवर पडतात. कित्येक निरोगी माणसांच्या पोकळ्या रुग्णांपेक्षा मोठ्या असतात. म्हणून आजही एकट्या स्कॅनवरून हा आजार आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही. गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला स्कॅन काढतात. आमच्या लिफाफ्यातल्या ‘नॉर्मल’चा अर्थ तेवढाच होता.

हे सांगायला आमच्या मुलखात माणसं होती, आम्हाला ठाऊक नव्हती. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे, मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. आमचा लिफाफा त्याच्या एकच वर्ष आधीचा. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला. तळेगावात सीडी मिळवून काकीला दाखवला. अतुल कुलकर्णींचा शेष पाहून ती मध्येच उठली आणि म्हणाली, “असंच करायचा की रे आपला.”

गोळ्या तोवर पुन्हा सुरू झाल्या होत्या. आता तो बावन्न वर्षांचा आहे, सकाळी डेअरीत दूध घालून येतो. आवाज अजून कधीमधी येतात, असं तोच सांगतो. मागच्या पावसाळ्यात पेटी आवरताना त्याने फिल्म उजेडात धरली आणि मला विचारलं, “यात आवाज कुठं दिसतो रे दादा?” मी म्हटलं, “यात नाही दिसत.” त्याने ती परत लिफाफ्यात घातली.