बारीक जिनसांचा लेथ : एका निवडीची पूर्वकथा

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानांत आपण केव्हां तरी थांबलां असाल. डोळ्याला भिंग लावून तो चिमट्यानें एक स्क्रू उचलतो, आणि तो निसटला तर दुकानांतील सारी मंडळी जमिनीवर वांकून शोधूं लागतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या त्या स्क्रूला आटे असतात, डोकें असतें आणि डोक्याला खांचहि असते. असे हजारों स्क्रू, आणि सगळे एकसारखे, कोणत्या यंत्रावर होत असतील? आज ज्या कारखानदाराला बारीक जिनसा काढण्यासाठीं संगणकाच्या आज्ञेनें चालणारा, म्हणजे सी. एन. सी. लेथ घ्यावयाचा असतो, त्याच्यापुढें मुख्यतः दोन जातींचीं यंत्रें येतात. या दोन्ही जाती दीडशें वर्षांपूर्वीं, जवळजवळ एकाच वेळीं, अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर जन्मल्या. त्यांची हकीकत ठाऊक असली म्हणजे निवडीचा प्रश्न पुष्कळच सोपा होतो.

लेथचें तत्त्व साधें आहे. जिन्नस फिरतो आणि हत्यार त्याला छिलत जातें. सावंतवाडीचा कांतारी लांकडाचीं रंगीत खेळणीं करतो तोहि याच तत्त्वावर. अडचण येते ती जिन्नस बारीक आणि लांब होऊं लागला म्हणजे. जुन्या काळच्या मास्तरांची वेताची छडी मुठींत घट्ट धरा आणि तिच्या दुसऱ्या टोकावर बोट दाबा. छडी सहज वांकते. तेंच बोट मुठीच्या अगदीं लगत आणून दाबा. ती हलत नाहीं. याचा हिशेब यंत्रशास्त्रांत पक्का आहे. एका बाजूनें धरलेली सळई दुप्पट लांब केली तर तितक्याच जोरानें ती आठपट वांकते, आणि जाडी निम्मी केली तर सोळापट. २ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई पकडीबाहेर २० मिलिमीटर काढून टोकावर एक किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर तें टोक सुमारें १७० मायक्रॉन बाजूला सरतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. आणि घड्याळाच्या आंसाला चार-पांच मायक्रॉनांची चूकहि पुष्कळदां सोसत नाहीं. तोच जोर पकडीपासून २ मिलिमीटरांवर दिला, तर सरकणें अर्ध्या मायक्रॉनाच्याहि आंत राहतें. हा फरक श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारी कथा त्यावरच उभी आहे.

पहिली जात अमेरिकेंतली. तेथील यादवी युद्धांत जिच्या बंदुका गाजल्या तो ख्रिस्तोफर स्पेन्सर, युद्धानंतर कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड शहरीं स्क्रू करण्याच्या खटपटीला लागला. त्यानें लेथला एक फिरता पिंप जोडला आणि त्या पिंपावर उंच-सखल पट्ट्या बसविल्या. पिंप फिरे तसतशीं हत्यारें क्रमानें पुढें येत व मागें जात. मनुष्यानें केवळ सळई पुरवावी. १८७३ सालीं त्यानें या लेथचें पेटंट घेतलें. गंमत अशी कीं, ज्या पिंपांत साऱ्या यंत्राची अक्कल सांठविली होती, तो भाग पेटंटाच्या कागदांतून वगळला गेला. त्याचें महत्त्व वकिलाच्या लक्षांतच आलें नाहीं. या लेथांत सळई जागच्या जागीं फिरते आणि हत्यार तिच्या अंगावरून सरकतें. आंखूड व जाड जिनसांना ही योजना उत्तम. परंतु लांब व बारीक काम आलें कीं आपली वेताची छडी पुन्हां वांकली.

दुसरी जात स्वित्झर्लंडांतली. १८७२ च्या सुमारास तेथील याकोब श्वाइट्झर नांवाच्या घड्याळजीनें हा प्रश्न उलट बाजूनें पाहिला. हत्यार सळईवरून पुढें न्यावयाचें तें काय म्हणून? त्याऐवजीं सळईला धरणारा आणि फिरविणारा भाग, ज्याला हेडस्टॉक म्हणतात, तोच सरकता करावा. सळई एका घट्ट भोंकाच्या मार्गदर्शक बुशांतून पुढें यावी आणि हत्यारानें त्या बुशाच्या तोंडाशींच उभें राहून तिला कापावें. म्हणजे जिन्नस कितीहि लांब असो, कापण्याची जागा आधाराच्या लगतच. मुठीशेजारीं बोट ठेवण्याचीच ही युक्ति.

यामागें केवळ कारागिरीची हौस नव्हती. त्या सुमारास स्विस घड्याळ-धंद्याचे दिवस फिरले होते. १८७२ सालीं अमेरिकेंत सुमारें एक कोटी ८० लक्ष फ्रँकांचीं स्विस घड्याळें जात. १८७६ सालीं तो आंकडा ५० लक्षांच्याहि खालीं आला. त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला लोंजिन कारखान्याचा इंजिनियर झाक दाव्हिद गेला. वॉल्थम कंपनीचीं घड्याळें कशीं यंत्रानें तयार होतात हें त्यानें पाहिलें आणि परत येऊन आपल्या लोकांना एक खरमरीत अहवाल लिहून दिला. जुरा पर्वतांतील घरोघरचे कारागीर पिढ्यान् पिढ्या घड्याळांचे भाग करून पोट भरीत होते. यंत्र नको म्हणण्याची चैन त्यांना आतां परवडणारी नव्हती.

पुढें १८८० च्या सुमारास निकोला युंकर यानें जुरांतील मूतिये या गांवीं घड्याळांच्या स्क्रूंचा आणि ते करणाऱ्या लेथांचा उद्योग मांडला, आणि त्याच गांवांत पेटरमान, बेखलर व टॉर्नोस असे तीन प्रतिस्पर्धी कारखाने उभे राहिले. एका डोंगरी गांवानें सरकत्या हेडस्टॉकचे लेथ साऱ्या जगाला पुरविले. यंत्रें अचूक होतीं, परंतु हट्टी. प्रत्येक नव्या जिनसासाठीं नवे कॅम, म्हणजे वेड्यावांकड्या कडांच्या पोलादी तबकड्या, आंखून व घासून कराव्या लागत, आणि ते बसवून यंत्र जुळविण्यांत कुशल माणसाचे दिवस जात. म्हणून काम हजारोंच्या संख्येनें असेल तरच तें परवडे.

ही अडचण दूर झाली ती अगदीं वेगळ्या दिशेनें. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेनें छिद्रें पाडलेल्या फितीवरून आज्ञा घेणारें मिलिंग यंत्र चालवून दाखविलें. कॅमच्या उंचवट्याच्या जागीं आंकडा आला. हा आंकडा सरकत्या हेडस्टॉकवर बसविण्यांत १९७० च्या सुमारास जपानची सिटिझन ही घड्याळांचीच कंपनी अग्रेसर ठरली. १९६१ सालीं बंगलोरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सनें घड्याळांचा कारखाना काढला तो हिच्याच सहकार्यानें. घरांतील वडील माणसांच्या मनगटांवर तीं घड्याळें आपण पाहिलेलीं आहेत. योगायोग असा कीं, १९६९ च्या नाताळांत क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ जपानांत विक्रीस आलें आणि बारीक स्क्रू व दंतचक्रें यांची जुनी मागणी ढासळूं लागली. घड्याळासाठीं जन्मलेल्या लेथला नवें गिऱ्हाईक मिळालें तें विजेच्या जोडण्यांतील पिनांचें, दांतांच्या रोपणाचें आणि मोडलेलें हाड सांधणाऱ्या टायटेनियमच्या स्क्रूंचें.

आतां निवडीकडे वळूं. घेणारा मनुष्य बहुधा पहिल्यानें विचारतो, 'हें यंत्र किती मायक्रॉनांत काम करतें?' माझ्या मतें हा प्रश्न नंतरचा. आधीं आपल्या जिनसाची लांबी त्याच्या जाडीनें भागावी. भागाकार तिहींच्या आंत असेल तर स्पेन्सरच्या वंशांतील स्थिर हेडस्टॉकचा लेथ पुरेसा होतो. त्याच्या बराच वर गेला तर श्वाइट्झरच्या वंशाकडे जावें. मात्र बुशाची किंमत द्यावी लागते. बुश आणि सळई यांत मायक्रॉनांचीच मोकळीक ठेवावयाची, म्हणून सळई मुद्दाम घासून सारख्या जाडीची केलेली विकत घ्यावी लागते. शिवाय प्रत्येक सळईच्या शेवटीं वीतभर तुकडा वायां जातो. पितळेंत हें खपतें, टायटेनियमांत खिसा रिकामा होतो. यासाठींच बुश काढून ठेवतां येईल अशीं यंत्रें आतां मिळतात, आणि ज्याचें काम मिश्र आहे त्यानें तींच पाहावीं. एकच पिन वर्षानुवर्षें लाखांनीं काढावयाची असेल, तर जुना कॅमचा लेथहि आपला खर्च भरून काढतो; त्याला हंसूं नये.

विक्रेत्याच्या पत्रकांतील आंकडा थंड खोलींत, एकाच क्षणीं मोजलेला असूं शकतो. पोलाद तापलें कीं वाढतें. १०० मिलिमीटर लांबीच्या भागाचें उष्णमान १० अंशांनीं चढलें तर तो सुमारें १२ मायक्रॉनांनीं लांबतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीं आपली सळई आणि आपला नकाशा घेऊन जावें, आपल्या डोळ्यांदेखत शंभर जिनसा काढवून घ्याव्या, आणि सकाळीं थंड यंत्रावर निघालेला पहिला नग व दुपारीं निघालेला शंभरावा नग शेजारीं ठेवून स्वतः मोजून पाहावे.