शिसपेन्सिल: काय खोडावं, काय खोडू नये

शाळेत जाणारं एक जरी लेकरू घरात असलं, तरी पेन्सिल सापडतेच. कोनाड्यात, दप्तराच्या तळाशी, नाहीतर शिलाई मशीनच्या खणात. पाच-दहा रुपयांची वस्तू, तिच्यावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण या पेन्सिलीमागे साडेचारशे वर्षांची गोष्ट आहे आणि आपल्या गटाच्या पैशाशीही तिचा संबंध आहे. म्हणून आज तिच्याचविषयी बोलू.

आधी नावाचं बघू. आपण म्हणतो शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं नसतं. 1560 च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या डोंगरी खोऱ्यात एक काळा, चकचकीत, हाताला लागणारा दगड सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. धनगर त्याने मेंढ्यांच्या अंगावर खुणा करायचे. हात काळे होऊ नयेत म्हणून कोणी त्याच्या कांडीला दोरा गुंडाळला, पुढे कोणी ती लाकडात बसवली, आणि पेन्सिल तयार झाली. तो दगड म्हणजे ग्राफाइट. 1779 मध्ये शेले नावाच्या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हा तर कार्बन आहे. म्हणजे आपल्या उमरेड-सावनेरच्या खाणीतला कोळसा आणि पेन्सिलीतली काळी कांडी एकाच कुळातली. तरी शिशाचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून लेकराने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, तर शिशाची विषबाधा होईल अशी भीती नको. सवय मात्र मोडा. पाटीची पेन्सिल वेगळी, ती मऊ दगडाची असते. एखादं लेकरू किंवा गरोदर बाई ती पेन्सिल किंवा माती रोज खात असेल, तर रागावून उपयोग नाही. अंगात रक्त कमी असलं की अनेकदा असं खावंसं वाटतं. आशाताईंना सांगा आणि रक्त तपासून घ्या.

आपल्याकडे पूर्वी लेकरं धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायची, पुढे दगडी पाटी आली. मोठ्यांचं लिहिणं बोरू आणि शाईचं. नागपूरकर भोसल्यांच्या काळचे मोडी कागद बोरूनेच लिहिलेले. पेन्सिल साहेबाबरोबर आली आणि बरीच वर्षं परदेशातूनच येत राहिली. 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, तीच पुढे कॅम्लिन झाली. 1958 मध्ये मुंबईतच हिंदुस्थान पेन्सिल्स ही कंपनी निघाली. तुमच्या लेकरांच्या दप्तरातल्या नटराज आणि अप्सरा तिच्याच. आज आपल्या देशातल्या पेन्सिलींना लागणाऱ्या लाकडाचा मोठा भाग काश्मीरच्या पॉपलर झाडांचा असतो. तिथलं पुलवामा जिल्ह्यातलं उखू गाव तर पेन्सिलीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

आता दुकानात पेन्सिल कशी निवडायची? तिच्यावर एचबी, टूबी, एच अशी अक्षरं असतात. त्यांचं मूळ एका लढाईत आहे. 1790 नंतर फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध जुंपलं आणि फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना. तेव्हा काँते नावाच्या कारागिराने हलक्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळली, तिच्या कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. 1795 मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. माती जास्त घातली की कांडी कडक होते आणि फिकी उठते. ग्राफाइट जास्त घातलं की ती मऊ होते आणि काळी उठते. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी, एचबी मधली. आकडा वाढला की तो गुण वाढतो.

रोजच्या लिहिण्याला एचबी बरी. नुकतं लिहायला शिकणाऱ्या लेकराला टूबी द्या, म्हणजे जोर न लावता अक्षर ठळक उठतं आणि बोटं दुखत नाहीत. भूमितीच्या बारीक रेघांना एच किंवा चांगलं टोक केलेली एचबी. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांना छटा भरायला टूबी, फोरबी, सिक्सबी लागतात. घेताना बूड बघा. कांडी बरोबर मधोमध हवी. एका बाजूला सरकलेली असेल, तर टोक करताना ती सारखी मोडणार. आणि पेन्सिल उंचावरून पाडू नका, कारण आतली कांडी तुटते आणि वरून कळत नाही.

पेन्सिलीने मोठी कामं केली आहेत. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. शाई मिळत नव्हती, सुटे कागद मिळत नव्हते. पानं मोजलेल्या बांधीव वह्यांत त्यांनी ते काही महिन्यांत पुरं केलं. 1914 मध्ये सुटका झाली आणि 1915 मध्ये पुस्तक छापून आलं.

ग्राफाइट उन्हाने उडत नाही, पाण्याने फुटत नाही. शाईचा कागद भिजला तर अक्षर पसरतं, पेन्सिलीचं राहतं. मग ते जातं कशाने? खोडण्याने. पूर्वी साहेबलोक त्यासाठी पावाचा चुरा वापरत, 1770 च्या सुमारास रबर आलं. म्हणजे पेन्सिलीचं लिहिणं पावसाने जात नाही, माणसाच्या हाताने जातं.

मैत्रिणींनो, हीच गोष्ट गटात लक्षात ठेवायची. हप्त्याची बेरीज, व्याजाचा हिशेब आधी पेन्सिलीने कच्च्या वहीत करा. चुकलं तर खोडा, पुन्हा करा, त्यात कमीपणा नाही. पण रोकडवहीत, पासबुकात आणि ठरावाच्या पुस्तकात आकडा पेननेच लिहा. तिथे चूक झाली तर खोडाखोड करू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा.

कर्जाच्या कागदावर सही कुठे करायची, हे दाखवायला पेन्सिलीची फुली असेल तर हरकत नाही. पण रक्कम, व्याज, मुदत पेन्सिलीने लिहिलेली असेल किंवा जागा कोरी असेल, तर सही करू नका. समोरचा कितीही घाईत असला तरी सांगा, "दादा, हे पेननं भरा, मग सही करते." आपण सही करतो पेनने, ती राहणार. वरचा आकडा पेन्सिलीचा असेल, तर तो उद्या कोणीही बदलेल.

पुढच्या बैठकीत आपली रोकडवही उघडा आणि एकदा सगळी पानं चाळा. कुठे पेन्सिलीचा आकडा दिसला, तर सगळ्यांसमोर पावतीशी ताडून पेनने पक्का करा. शेजारी अध्यक्ष-सचिवांची सही आणि त्या दिवसाची तारीख घाला.