कचेरीबाहेर जगलेली भाषा

आज इतिहास सांगणार आहे, पण राजाचा नाही, आपल्या बोलण्याचा.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईत आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ इ.स. ११८८ चा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. पुढे दासोपंतांनी इथंच लांबलचक पासोडीवर, म्हणजे कापडावर, मराठी ग्रंथ लिहिला. पण याच मुलखात निजामाच्या राजवटीत कचेरी आणि न्यायालय उर्दूत चालायचं. वरचं शिक्षणही उर्दूतच होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दू. उर्दू गोड भाषा आहे, तिच्याशी भांडण नाही. पण शेतकऱ्याच्या जमिनीचा निकाल त्याला न कळणाऱ्या भाषेत लागायचा, हे खरं दुखणं होतं.

मग मराठी कुठं होती? घरात, बाजारात, कीर्तनात आणि जात्यावर. भल्या पहाटे दोघी जावा समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सगळं त्यात यायचं. त्यासाठी शाळा लागली नाही की कागद लागला नाही.

उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची अठरा बेटं आहेत. तिथं साधारण चोपन्न हजार माणसं राहतात, म्हणजे अंबाजोगाई शहराहूनही कमी. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेकडून आलेल्या लोकांची बोली तिथं रुजली आणि तिची फेरोई भाषा झाली. पुढे चर्च, शाळा, न्यायालय सगळीकडे डॅनिश भाषा आली. जवळजवळ तीनशे वर्षं फेरोई लिहिली गेली नाही. पण हिवाळ्याच्या लांब रात्री लोक हात धरून फेर करायचे आणि शेकडो कडव्यांची गाणी तोंडपाठ म्हणायचे. त्या फेरानं भाषा जपली. १७८१-८२ मध्ये स्वाबो नावाच्या माणसानं ती गाणी उतरवून घेतली. १८४६ मध्ये हामर्सहाइम्ब यांनी लिहिण्याची पद्धत ठरवली. १९४८ साली बेटांना स्वराज्याचे अधिकार मिळाले आणि फेरोई तिथली मुख्य भाषा झाली.

योगायोग बघा, त्याच १९४८ च्या १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि कचेरीही मराठी बोलू लागली.

पण गाणं फक्त गाऊन टिकत नाही. गाणारी गेली की गाणं जातं. त्या बेटांवर कुणीतरी वेळेत लिहून घेतलं. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या आसपास ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. पण आपल्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ते बरंच झालं. बायांचे कष्ट वाचले. मात्र ओवी आता फक्त सत्तरी ओलांडलेल्या बायांच्या तोंडात उरली आहे.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आई, सासू नाहीतर शेजारच्या मावशीकडून दोन ओव्या आणायच्या. मोबाईलवर त्यांचा आवाज भरा आणि एका वहीत नाव-गावासह उतरवा. शब्द बदलू नका, जसे म्हटले तसेच लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला बसवा. हिशोबाच्या वहीइतकीच ही वहीही जपून ठेवा.

राम राम.