उधारीचा उजेड

करारनामा हा आपल्या अभ्यासक्रमातला वाङ्मयप्रकार नव्हे. रसास्वादासाठी तो कोणी वाचत नाही; ज्यांच्यासाठी तो लिहिला जातो तेही बहुधा भांडण उद्भवल्यावरच तो उघडतात. तरीही ऑक्टोबर 2017 मध्ये पोर्तो रिकोच्या वीज प्राधिकरणाने केलेल्या एका करारातील एक वाक्य कोणत्याही भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे. कामगारांच्या ठरवून दिलेल्या दरांत प्रत्यक्ष खर्च किती आणि नफा किती, हे तपासण्याचा अधिकार वीज प्राधिकरणाला, पोर्तो रिकोच्या शासनाला, अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेला, म्हणजे फेमाला, आणि संघराज्याच्या महालेखापरीक्षकाला कोणत्याही परिस्थितीत असणार नाही, असा त्या वाक्याचा आशय. पैसे ज्यांच्या तिजोरीतून जायचे त्या सर्वांना एकाच वाक्यात ओळीने उभे करून दाराबाहेर काढणारी ही रचना आहे. असे वाक्य लिहून घेणारा धूर्त होता, हे समजण्यासारखे आहे. पण त्याखाली सही करणारा कोणत्या अवस्थेत होता?

20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया हे चक्रीवादळ यबुकोआजवळ बेटावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर होता. (‘हरिकेन’ हा शब्द स्पॅनिशमार्फत कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवासी ताइनो यांच्या भाषेतून जगाला मिळाला; तो देणारी भाषा मात्र वसाहतीच्या पहिल्या शतकांतच लोपली.) दोनच आठवड्यांपूर्वी इरमा हे दुसरे वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेले होते आणि त्याने दहा लाखांहून अधिक लोकांचे दिवे घालवले होते. मारियाने उरलेले सारे घालवले. प्राधिकरणाच्या सुमारे पंधरा लाख ग्राहकांपैकी कोणाकडेही वीज राहिली नाही.

पोर्तो रिकोची मोठी वीजनिर्मिती केंद्रे प्रामुख्याने दक्षिण किनाऱ्यावर आहेत आणि विजेची भूक उत्तरेला, सान हुआन या राजधानीत. मधे डोंगररांग आहे. उच्चदाबाच्या वाहिन्या त्या डोंगरांवरून जातात आणि अनेक मनोऱ्यांपर्यंत धड रस्ताही नाही. मनोरे उभे करायचे तर हेलिकॉप्टर हवे, खांब आणायचे तर जहाज हवे. त्याच महिन्यात इरमाने फ्लोरिडात 60 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली, पण शेजारच्या राज्यांतून हजारो लाइनमन ट्रक घेऊन रस्त्याने आले आणि बहुतेकांची वीज दहा-बारा दिवसांत परतली. समुद्रातल्या बेटावर असे ट्रक जात नाहीत, हे खरे. परंतु एवढे सांगून थांबणे म्हणजे निसर्गाच्या डोक्यावर माणसाचे खापर फोडणे होय.

ज्या प्राधिकरणाला आता जगभर ‘प्रेपा’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात, त्याचा जन्म 1941 मधला. तेव्हाचे त्याचे नाव जलस्रोत प्राधिकरण असे होते. नद्यांवर धरणे बांधून खेडोपाडी वीज न्यावी हे स्वप्न त्या नावात होते. पुढे तेल आले आणि तेलाबरोबर कर्ज आले. ग्राहकांच्या देयकांतून व्यवस्था दुरुस्त करण्याऐवजी रोखे विकून वर्ष निभावून नेण्याची सवय लागली. वादळ येण्यापूर्वी अडीच महिने, 2 जुलै 2017 रोजी, प्रेपाने सुमारे 900 कोटी डॉलरच्या कर्जाखाली दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता. वादळात पडलेले खांब अशा संस्थेचे होते.

मारियानंतर आठवडाभराच्या आत प्रेपाने माँटाना राज्यातील व्हाइटफिश एनर्जी या कंपनीशी पहिला करार केला आणि ऑक्टोबरमध्ये त्याची मर्यादा 30 कोटी डॉलरपर्यंत नेली. खुली निविदा निघाली नव्हती. कंपनीचे वय दोन वर्षे आणि वादळाच्या दिवशी तिचे पूर्णवेळ कर्मचारी दोन. ती ज्या लहानशा गावची, तेच गाव तत्कालीन अमेरिकी गृहभूमी मंत्री रायन झिंकी यांचे. (हे खाते पोलिसांचे नव्हे, संघराज्याच्या जमिनी, अभयारण्ये आणि बेटांचा कारभार पाहणारे.) झिंकी यांनी या करारात आपला काही संबंध असल्याचे नाकारले. दरपत्रक उघड झाले तेव्हा उपकंत्राटावरच्या एका लाइनमनच्या तासाला 319 डॉलर आकारले जात असल्याचे दिसले. फ्लोरिडातून आलेल्या त्याच लाइनमनच्या हाती तासाला साधारण 42 ते 100 डॉलर पडत होते. राहण्यासाठी माणशी दिवसाला 332 डॉलर, जेवणासाठी जवळपास 80. बेटावर माणसे आणणे, त्यांना ठेवणे आणि जोखीम घेणे महागच असते, असे कंपनीचे म्हणणे होते आणि ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. डोंगरातल्या मनोऱ्यांवर तिच्या माणसांनी प्रत्यक्ष काम केले होते.

येथून जी गोष्ट रचली गेली ती वर्तमानपत्रांना फार सोयीची होती. लहान गाव, दोन माणसांची कंपनी, दिल्लीश्वराऐवजी वॉशिंग्टनेश्वराशी जवळीक: खलनायकासह सारी पात्रे तयार. सान हुआनच्या महापौर कार्मेन युलीन क्रूझ यांनी करारावर टीका केली तेव्हा कंपनीने जाहीरपणे विचारले, आमची माणसे परत पाठवू की काम चालू ठेवू? (असा संवाद एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला ढोबळ म्हटले असते.) 29 ऑक्टोबरला राज्यपाल रिकार्डो रोसेल्यो यांनी करार रद्द करण्यास सांगितले, 17 नोव्हेंबरला प्रेपाचे प्रमुख रिकार्डो रामोस यांनी राजीनामा दिला, आणि थकबाकी 8.3 कोटी डॉलरवर गेल्याचे सांगून कंपनीने काम थांबवले. खलनायक गेला, पडदा पडला. दिवे मात्र लागले नाहीत.

आमच्या मते या गोष्टीचा नायक आणि खलनायक दोन्ही चुकीचे निवडले गेले. प्रश्न विचारायला हवा होता तो असा: इतक्या कंपन्यांमधून हीच का? रामोस यांनी त्याचे उत्तर तेव्हाच दिले होते, पण ते इतके नीरस होते की कोणी त्यावर रेंगाळले नाही. व्हाइटफिशने आगाऊ मोठी रक्कम मागितली नाही. दुसऱ्या, अनुभवी कंपनीला आधी पैशांची हमी हवी होती आणि दिवाळखोर प्रेपाकडे ती देण्यासारखे काही नव्हते. ज्याच्या खिशात रोकड नाही तो स्वस्त दुकान शोधत नाही. उधार देणारे शोधतो. आणि उधार देणारा वाण्याचा दर वेगळा असतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 319 डॉलरमधला किती भाग लोभाचा आणि किती भाग बुडीत जाण्याच्या भीतीचा, हे नेमके मोजता आले असते. ते मोजण्याचा अधिकारच त्या पहिल्या वाक्याने काढून घेतला होता.

दुसरी वाटही होती. अमेरिकेत सार्वजनिक वीजसंस्थांमध्ये परस्परसाहाय्याची जुनी पद्धत आहे. एका ठिकाणी आपत्ती आली की इतर संस्था आपले लाइनमन नफा न घेता, प्रत्यक्ष खर्चावर पाठवतात; तो खर्च पुढे बहुतांशी फेमाकडून भरून मिळतो. फ्लोरिडात हेच झाले होते. प्रेपाने ही मदत वेळीच मागितली नाही. येणाऱ्यांचे राहणे-जेवणे यजमान संस्थेने सांभाळायचे असते आणि खर्चाची हमीही तिनेच द्यायची असते. तेवढे आपल्याला झेपणार नाही, असे तिच्या प्रमुखांचे स्पष्टीकरण होते. ती मागणी रीतसर गेली ती ऑक्टोबरच्या अखेरीस, व्हाइटफिशचा गाजावाजा झाल्यावर. दरम्यान चाळीस दिवस गेले होते.

करारातील आणखी दोन कलमे याच प्रकाशात वाचावीत. एकात प्रेपा अशी ग्वाही देते की हा करार फेमाने पाहून मंजूर केला आहे. फेमाने तसे काही केल्याचे जाहीरपणे नाकारले. दुसऱ्यात, काम लांबल्याबद्दल कंपनीवर कोणताही दावा सांगण्याचा हक्क शासन सोडून देते. म्हणजे पैसे देणार असे ज्याच्या नावाने सांगितले तो खोलीत नव्हता, आणि अंधारात जो बसला होता त्याचा उल्लेखच नव्हता. ग्राहक हा शब्द अशा दस्तऐवजांत क्वचितच कर्ता म्हणून येतो.

व्हाइटफिशवर प्रकाशझोत असतानाच, 19 ऑक्टोबर रोजी, प्रेपाने कोब्रा अॅक्विझिशन्स या दुसऱ्या कंपनीशी 20 कोटी डॉलरचा करार केला. तेलविहिरींना सेवा पुरवणाऱ्या ओक्लाहोमातील एका कंपनीची ही उपकंपनी. वित्तीय देखरेख मंडळाने 1 कोटी डॉलरवरील प्रत्येक करार आपल्या नजरेखालून जावा असा नियम नोव्हेंबरमध्ये लागू केला. तोवर हा करार होऊन गेला होता. दुरुस्त्या होत होत तो 94.5 कोटींपर्यंत वाढला आणि मे 2018 मध्ये 90 कोटींचा दुसरा करार झाला. ज्या 30 कोटींवर एवढे वादंग माजले त्याच्या सहापट ही मर्यादा. 2019 मध्ये फेमाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर आणि कोब्राच्या माजी अध्यक्षांवर लाचखोरीचे आरोपपत्र आले. 2022 मध्ये दोघांनी बेकायदा लाभ देण्या-घेण्याचा गुन्हा कबूल केला. या प्रकरणाला व्हाइटफिशच्या एक दशांशही वाचक मिळाले असतील असे आम्हाला वाटत नाही. गोष्ट एकदाच सांगितली जाते, आणि ती सांगून झालेली होती.

वर उल्लेखलेले देखरेख मंडळ हे स्वतःच एक प्रकरण आहे. 2016 च्या कायद्याने ते वॉशिंग्टनहून नेमले गेले; बेटावर लोक त्याला ‘ला हुंता’ म्हणतात आणि त्या शब्दातली कडवट चव लॅटिन अमेरिकेचे साहित्य वाचणाऱ्यांना सांगायला नको. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. 1901 मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती या बेटाबद्दल म्हणाले होते की ते ‘घरगुती अर्थाने परके’ आहे. इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी अडचण क्वचितच कोणी बंद केली असेल. मारियानंतर करारावर सही करण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, प्राधिकरणाचा, राज्यपालांचा, मंडळाचा की न्यायालयाचा, हा वाद प्रत्यक्षात झाला. मंडळाने प्रेपावर आपला प्रशासक नेमण्याचा प्रयत्न केला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयाने तो नाकारला.

या काळात जे मेले त्यांची शासकीय संख्या दीर्घकाळ 64 होती. ऑगस्ट 2018 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर शासनाने 2,975 हा आकडा स्वीकारला. त्यातला प्रत्येक मृत्यू विजेअभावी झाला असे म्हणता येणार नाही. रस्ते, पाणी, दवाखाने सारेच कोलमडले होते. परंतु प्राणवायूची यंत्रे, डायलिसिस आणि शीतपेटीत ठेवावे लागणारे इन्सुलिन यांना कराराच्या मसुद्याची वाट पाहता येत नाही. त्याच महिन्यात प्रेपाने सर्व ग्राहकांची वीज परत आल्याचे जाहीर केले. वादळाला तेव्हा जवळपास अकरा महिने झाले होते.

पोर्तो रिकोत वीज गेली की लोक म्हणतात, ‘से फुए ला लुस’. शब्दशः, उजेड निघून गेला. आपण ‘लाइट गेली’ म्हणतो तसेच. दोन्हीकडे कर्तेपण उजेडाकडे आहे, जणू तो स्वतःच्या पायांनी उठून गेला. जून 2021 पासून तारांचे जाळे लुमा या खासगी कंपनीकडे गेले आणि सप्टेंबर 2022 मध्ये फिओना वादळाने बेट पुन्हा अंधारात लोटले. बॅड बनी या पोर्तो रिकन गायकाच्या त्या वर्षीच्या एका गाण्याचे शीर्षकच ‘एल अपागोन’, म्हणजे ‘सारे दिवे जाणे’, असे आहे. कोब्राच्या थकलेल्या देयकांचा वाद त्यानंतरही चालू होता. तो मिटला 2024 मध्ये, तडजोडीने.