फ्रीजरमधली वडी, मिनेसोटाचे कोल्हे आणि कमला सोहोनी

या भागाचा लेखी मजकूर टाकतोय. रेकॉर्डिंगच्या घाईत राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही यात भरल्या आहेत.

आमच्या बर्लिनच्या फ्लॅटमध्ये फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या खणात एक चपटी पिशवी असते. आत गुलाबी-करड्या रंगाची, पाटवडीसारखी थापलेली बर्फाची वडी. फ्लॅटमेटने एकदा ती सूपचा मसाला समजून पातेल्यात टाकली होती. वासामुळे वाचला बिचारा. त्यात असतं काय, तर कोलंबी, माकूळ, थोडा मासा आणि नोरीचं एक पान, सगळं कच्चं, मिक्सरमधून काढलेलं. खाणारे म्हणजे माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे आणि प्रवाळं. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "अरे, त्यांना कोलंबी घालतोस आणि स्वतः मॅगी खातोस?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक खुलासा आधीच करतो. दगडी प्रवाळं भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्यामुळे पुण्यात हा छंद मी केला नाही आणि तुम्हीही करू नका. इथे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांची कलमं मिळतात, माझी सगळी तीच आहेत.

आता मूळ प्रश्न. प्रवाळ खातं का? बघायला गेलं तर दगडाला चिकटलेली वस्तू, तिला कोलंबी कशाला?

१९२८ च्या जुलैमध्ये मॉरिस यंग नावाचा ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आयल्स नावाच्या चिमुकल्या बेटावर मोहीम घेऊन उतरला. वय २८. म्हणजे माझ्याएवढाच, आणि मी इथे लॉगिन पेजचे बग काढतोय. असो. वर्षभर राहून त्याने प्रवाळांना खायला घालून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं, अंधाऱ्या पेटीत कोंडून पाहिलं. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं हे तेव्हा माहीत होतंच. अंधारात ते शैवाल निघून गेलं, तरी खायला मिळालं तर प्रवाळ जगत होतं. त्याच्या पोटातले पाचक रसही मांस पचवणारेच निघाले. यंगचा निष्कर्ष: प्रवाळ मांसाहारी आहे, शैवाल हे त्याचं अन्न नव्हे, ते फार तर आतला कचरा साफ करतं.

मग १९५८ साली कॅलिफोर्नियात लिओनार्ड मस्कॅटाइन आणि कॅडेट हँड या दोघांनी प्रवाळाच्या भावकीतलं एक समुद्रफूल घेतलं आणि शैवालाला किरणोत्सारी कार्बन दिला. थोड्या वेळाने तो कार्बन समुद्रफुलाच्या स्वतःच्या शरीरात सापडला. म्हणजे शैवाल यजमानाला जेवू घालत होतं! पुढे प्रवाळांमध्येही तेच दिसलं, आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. माझ्या याच शहरातल्या हौशी मंडळींनी रुळवलेली जी 'बर्लिन पद्धत' जगभर गेली, ती म्हणजे जिवंत दगड, फेसातून घाण काढणारा स्किमर आणि झगझगीत दिवे. तिच्या जोरावर कित्येक वर्षं सल्ला एकच होता: प्रकाश द्या, खायला घालून पाणी नासवू नका.

माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. शैवाल देतं ती मुख्यतः ऊर्जा, म्हणजे साखर आणि स्निग्ध पदार्थ. पण अंग वाढवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं, आणि त्यासाठी प्रवाळ शिकार करतं. दिवे गेल्यावर टॉर्च मारून बघा, दिवसा दगड वाटणाऱ्या गोष्टीला शेकडो बोटं फुटलेली असतात.

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बुटका लायनफिश होता. वडीचा पहिला घाणा मी काढला तेव्हा स्वस्तात मिळतं म्हणून ऐंशी टक्के माल दोनच गोष्टींचा: स्टिंट नावाचा इथला बोटभर मासा आणि शिनाणे. सगळं ताजं, बाजारातून त्याच सकाळी आणलेलं. फार अभिमान वाटला होता. चार-पाच महिने सगळं छान. मग त्याने खाणं कमी केलं. मग तो तिरका पोहायला लागला, दगडावर बसायला जाई आणि कलंडे. मी पाणी तपासलं, अमोनिया तपासला, हीटर बदलला. सगळे आकडे हिरवे. शेवटच्या रात्री तो उलटा होऊन गोल गोल फिरत होता आणि मी टाकीसमोर जमिनीवर बसून होतो.

त्यानंतर जे वाचत गेलो, ते मला कोल्ह्यांपर्यंत घेऊन गेलं.

१९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या माणसाचा फरसाठी कोल्हे पाळण्याचा फार्म होता. त्याने कोल्ह्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा मिसळायला सुरुवात केली. आधी कोल्ह्यांनी खाणं सोडलं, मग ते लडखडू लागले, झटके आले आणि मेले. रोगाला नाव पडलं चॅस्टेक पॅरालिसिस. साथ असेल असं आधी वाटलं, पण मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रीन आणि सहकाऱ्यांनी शोध लावला की हा तर जीवनसत्त्व ब-१ चा, म्हणजे थायमिनचा अभाव. कच्च्या माशातलंच काहीतरी ते जीवनसत्त्व नष्ट करत होतं. मासा शिजवला की त्रास बंद. ते काहीतरी म्हणजे थायमिनेज हे एन्झाइम. थायमिनच्या रेणूत दोन कड्या असतात, हे मधला दुवाच कापतं.

पुढची पायरी थेट आपल्या मुंबईत आहे. १९५४ साली 'नेचर'मध्ये गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातल्या माशांमधल्या थायमिनेजवर एक टिपण छापून आलं. लेखकांपैकी एक होत्या कमला सोहोनी. हो, त्याच. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बाई म्हणून ज्यांना बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन आधी प्रवेशच द्यायला तयार नव्हते, आणि ज्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, डाळींवर, म्हणजे साध्या माणसाच्या ताटावर काम केलं. मासे त्याच ताटातले. मी मात्र त्यांच्यापर्यंत पोचलो ते मेलेल्या लायनफिशमुळे, तेही बर्लिनमध्ये बसून.

स्टिंट आणि शिनाणे, दोन्ही थायमिनेज असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. आणि मी काय केलं? सगळं मिक्सरमधून काढलं. म्हणजे कोलंबीतलं उरलंसुरलं थायमिनही वाटून त्या एन्झाइमच्या हवाली केलं. गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, फक्त मंदावतं. वडी जितकी जुनी, तितकं ब-१ कमी. शिजवलं तर एन्झाइम मरतं, पण शिजवलेलं मांस टाकीत विस्कटतं आणि माझे मासे त्याला तोंड लावत नाहीत.

म्हणून हल्ली स्टिंट नाही, शिनाणे नाहीत. उरलेलं दोन-तीन प्रकारचं, आलटून पालटून, आणि घाणा महिन्याभरात संपेल एवढाच. फ्रोझन कोलंबी घेताना पाकिटावर फॉस्फेट लिहिलंय का ते बघतो. पाणी धरून ठेवायला ते घालतात, आणि टाकीत त्यावर हिरवी शेवाळ माजते. वडी वितळली की चहाच्या गाळणीत धरून पाणी निथळवायचं, नाहीतर तो रस स्किमरला आठवडाभर पुरतो. आणि ब-१ ची गोळी वाटणात नाही घालायची. मत्स्यालयांत सील आणि डॉल्फिनना माशाच्या किलोमागे साधारण २५ मिलिग्रॅम थायमिन वेगळं देतात, तेही खायला घालण्याच्या जरा आधी, म्हणजे एन्झाइमला वेळच मिळत नाही. मीही तसंच करतो. चमच्याच्या पाठीने गोळीचा तुकडा चुरायचा, वितळलेल्या वडीवर भुरभुरायचा आणि लगेच पाण्यात.

लायनफिश परत आणलेला नाही. त्याच्या दगडाखाली आता एक कोलंबी राहते, जिवंत. आईला अजून सांगितलेलं नाही.