माउलीचा रथ आणि बाबागाडी

'बाबागाडी' हा शब्द मराठींत इंग्रजी अमदानींत रूढ झाला. साहेबांच्या लहान मुलांस नोकरचाकर 'बाबा' म्हणत. त्या बाबाला हवा खावयास नेणारी गाडी ती बाबागाडी. आयेनें ती सावकाश ढकलावी, बागेंत एक फेरी मारावी आणि परत आणावी, एवढेंच तिचें काम होतें. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मात्र तिला अगदीं निराळें काम लागलें आहे. तिच्यांत मूल बसवून आईबाप ती ढकलीत मैलोगणती धांवतात आणि शर्यतींतही उतरतात. प्रथमदर्शनीं हा पाश्चात्त्य छांदिष्टपणा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं एक जुनाच प्रश्न आहे : ज्याच्या पदरीं तान्हें मूल आहे, त्यानें लांबच्या वाटेला लागावें कीं घरींच बसावें? महाराष्ट्रांत या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास आळंदीपासून आरंभ करणें सोयीचें होईल.

आळंदीची कथा मुळांतच पोरक्या मुलांची कथा आहे. संन्यास सोडून संसारांत परतल्याबद्दल विठ्ठलपंत वाळींत पडले. त्यांनीं व रुक्मिणीबाईंनीं देहत्याग केल्यावर निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई हीं भावंडें शुद्धिपत्रासाठीं पैठणची वाट चाललीं, असें परंपरा सांगते. त्यांपैकीं ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सांगितली आणि १२९६ मध्यें ऐन तारुण्यांत आळंदीस समाधि घेतली. ज्याला स्वतः आईबापांची छाया पुरती लाभली नाहीं, त्यालाच पुढें लाखों लोक 'माउली' म्हणूं लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या माउलीच्या पादुका दर वर्षीं ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघतात. पालखीची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनीं १६८५ च्या सुमारास देहूस घातली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीहून ज्ञानेश्वरांची स्वतंत्र पालखी सुरू केली. हैबतबाबा मूळ साताऱ्याकडील आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं त्यांनीं चाकरी केलेली होती. सोहळ्यांतील दिंड्यांचा क्रम आणि चोपदारांचा दरारा पाहिला म्हणजे त्यांत लष्करी शिस्तीची छटा दिसते. बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे येतात. पुणें, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस या मार्गानें सुमारें अडीचशें किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीस पालखी पंढरपुरास पोहोंचते. ही सारी वाट पादुका रथांतून जातात. दिवे घाटाच्या चढणीला नेहमींची बैलजोडी पुरत नाहीं. जादा बैल जुंपावे लागतात. म्हणजे लेंकरें आईला गाडींत बसवून नेतात, असा हा उलटा व्यवहार आहे.

वारींत धांवणेंही आहे. वाटेंत ठिकठिकाणीं रिंगण होतें, त्यांत अश्व दौडतो. आणि वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी धांवत सुटतात. तुकोबा येथून पंढरीच्या ओढीनें धांवले, अशी श्रद्धा आहे. पण या धांवण्यांत कोणाचा पहिला क्रमांक नसतो आणि कोणी मागें राहिला म्हणून हरत नाहीं. म्हातारीकोतारी माणसें आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया या वाटेवर पूर्वींपासून चालत आल्या आहेत. मात्र हें चित्र रंगवितांना एक गोष्ट लपवूं नये. इरावतीबाई कर्वे यांनीं आपल्या वारीच्या वर्णनांत, एकाच वाटेनें चालणाऱ्या लोकांच्या पंगती जातीजातींनीं वेगळ्या बसत, हें स्पष्टपणें नमूद केलें आहे. वाट सर्वांना सामावून घेते हें खरें, पण तें आपोआप घडत नाहीं.

मूल आणि वाट यांचें नातें संतांनींही ओळखलें होतें. जनाबाईनें विठोबाची कल्पना केली ती मुलांच्या गराड्यांत चालणाऱ्या बापाची : कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी करंगळी धरून. त्याच परंपरेंत गोरोबा कुंभाराची कथा आहे. नामस्मरणाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना रांगत आलेलें आपलेंच मूल त्यांच्या पायांखालीं आलें. कथेच्या शेवटीं विठ्ठलकृपेनें तें परत मिळतें. पण ऐकणाऱ्याच्या मनांतून तो चिखल जात नाहीं. पायांना लय सांपडली कीं माणसाला भान राहत नाहीं, हा अनुभव धांवणाऱ्याला चांगला परिचयाचा आहे. मूल बरोबर घेऊन धांवणाराला ती मोकळीक नाहीं.

आतां शर्यतीकडे वळूं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील धांवपटू पाहून सर दोराबजी टाटा यांनीं हिंदी खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याचें मनावर घेतलें, आणि १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. तो पराक्रम मोठाच होता. परंतु त्या काळीं शर्यतीचा धांवपटू म्हणजे पाश नसलेला एकटा पुरुष, अशीच कल्पना होती. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्यें बायकांना अधिकृत प्रवेश मिळण्यास १९७२ साल उजाडलें, आणि ऑलिंपिकमध्यें बायकांची मॅरेथॉन प्रथम झाली ती १९८४ सालीं.

बाबागाडीचा इतिहास याच सुमारास या इतिहासाला येऊन मिळतो. १७३३ मध्यें विल्यम केंट यानें इंग्लंडांतील एका ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती लहानशा जनावरानें ओढावयाची होती. माणसानें मागून ढकलावयाच्या गाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्यें आल्या. १९६५ मध्यें मॅक्लॅरेन या विमानविद्येंतील इंजिनियरानें घडी होणारी हलकी गाडी काढली. आणि १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील फिल बेक्लर या धांवणाऱ्या बापानें बाबागाडीला सायकलचीं चाकें बसविलीं; १९८४ पासून अशा गाड्यांचा धंदाच सुरू झाला.

या गाडीची रचना पाहण्यासारखी आहे. तीन मोठीं हवा भरलेलीं चाकें, धांवतांना पुढचें चाक सरळ जखडलेलें, म्हणजे तें खड्यावरून एकाएकीं वळत नाहीं, दांड्याला ब्रेक, आणि ढकलणाराच्या मनगटाला बांधावयाचा पट्टा, हात निसटला तरी गाडी उतारानें जाऊं नये म्हणून. हात दांड्यावर अडकल्यानें ते मोकळे हलत नाहींत, चढावर ओझें जाणवतें, उतारावर गाडी ओढते. मूल साधारण सहा महिन्यांचें होऊन त्याची मान पक्की बसेपर्यंत त्याला घेऊन धांवूं नये, असें बालवैद्य सांगतात. बॉस्टन व न्यूयॉर्क येथील मोठ्या शर्यतींत या गाडीला मनाई आहे. जेथें परवानगी असते, तेथें बहुधा तिनें सर्वांच्या मागून निघावें असा नियम असतो. हा नियम जाचक वाटला तरी अन्यायाचा नाहीं. दाटींत एकाचा पाय चाकाला अडला, तर इजा होते ती गाडींत बसलेल्या मुलाला, आणि तें मूल कांहीं स्वतःच्या इच्छेनें शर्यतींत उतरलेलें नसतें. रथापुढें व रथामागें दिंड्यांच्या जागा ठरविणाऱ्यांनीं हेंच शहाणपण दाखविलें होतें.

तथापि गाडी कितीही सुधारली, तरी चाक रस्त्याहून चांगलें असूं शकत नाहीं. पिंपरीस १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, मागून चिंचवड, भोसरी, चाकण हा सारा टापू कारखान्यांनीं भरून गेला, आणि आळंदीच्या आसमंतांत अवजड मालमोटारींची रीघ लागली. या टापूंत नोकरीसाठीं आलेल्या कुटुंबांत मूल सांभाळावयास आजी जवळ असतेच असें नाहीं. अशा घरांतील आईनें पहाटे बाबागाडी घेऊन बाहेर पडावयाचें ठरविलें, तर तिला शर्यत नको असते. अखंड, सपाट पदपथाचा एक मैल हवा असतो. आषाढीच्या आधीं पालखीसाठीं रस्त्यांचे खड्डे बुजविले जातात, वाहनें दुसरीकडे वळविलीं जातात. माउलीच्या रथासाठीं जें आपण वर्षांतून एकदां करतों, तें तान्ह्या मुलाच्या गाडीसाठीं रोज करणें नगरपालिकांना अशक्य नाहीं; तें मागण्याची संवय मात्र नागरिकांनीं लावून घेतली पाहिजे.